एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ

मंडळी, या वीकेंडला विषय जरा पोटाचा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या :)

आमच्या धंद्यात 'झालं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कोड लिहिला, माझ्या मशीनवर चालला, की डेव्हलपरच्या लेखी काम झालं. आणि ज्याच्यासाठी लिहिला त्या माणसाने तो खरंच वापरायला घेतला, म्हणजे मग खरं झालं. या दोन 'झालं'मधे किती वर्षं जाऊ शकतात याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण सॉफ्टवेअरमधलं नाहीच. ते आहे ओआरएसचं. तेच ते, केमिस्टकडे मिळणारं मीठ-साखरेचं पाकीट. गेले दोन महिने मी या पाकिटाच्या इतिहासात अडकलोय. वाचायला घेतलं बायोकेमिस्ट्री म्हणून, आणि शेवटी हाती लागलं ते शिक्षणशास्त्र.

सुरुवात पटकीपासून करू. पटकी म्हणजे कॉलरा. कॉलऱ्याच्या रोग्याच्या अंगातलं पाणी जुलाबावाटे इतक्या वेगाने जातं की धडधाकट माणूस काही तासांत संपू शकतो. जंतू मारत नाहीत, पाणी आणि क्षार कमी झाल्याने माणूस मरतो, हे १८३१-३२ मधे विल्यम ओशॉनेसी नावाच्या विशीतल्या डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासून दाखवलं होतं. १८३२ मधे थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने मिठाचं पाणी थेट शिरेत सोडून काही रोगी वाचवलेसुद्धा. (थोडं अवांतर: हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं त्याने उभं केलं. एका माणसाने किती डोमेन बदलावीत!)

पण सलाइनची गंमत अशी की त्याला लागते निर्जंतुक बाटली, सुई आणि शिर शोधणारा हात. कॉलरा जिथे येतो तिथे नेमक्या या तीनही गोष्टी नसतात. मग सरळ प्यायलाच का द्यायचं नाही? देऊन बघितलं होतं की. नुसतं मिठाचं पाणी पोटात टिकत नाही, आत शोषलंच जात नाही, उलट जुलाब वाढल्यासारखे दिसतात. म्हणून 'जुलाब होतायत ना, मग पाणी देऊ नका' हा सल्ला फक्त आजीबाईंचा नव्हता, चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांचाही होता.

कोडं सुटलं ते दोन तुकड्यांत, आणि दोन्ही तुकडे एकमेकांपासून हजारो मैलांवर. १९५९ मधे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की कॉलऱ्याचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडं आतल्या बाजूला पाणी ओतत सुटतं. म्हणजे आतडं फाटत नाही, सडत नाही. नळ उघडा राहिलाय एवढंच. दुसऱ्या वर्षी, १९६० मधे, प्रागमधल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आतड्याच्या पेशींच्या एका दाराबद्दलची कल्पना मांडली. हे दार नुसत्या सोडियमला उघडत नाही, नुसत्या ग्लुकोजलाही नाही. दोघं बरोबर आले तरच उघडतं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसं. आणि एकदा मीठ-साखर जोडीने आत शिरली की पाणी आपोआप मागे येतं. कॉलऱ्याचं विष नळ उघडं ठेवतं, पण या दाराला हात लावत नाही! मिठाच्या पाण्यात साखर घातली की ते का शोषलं जातं याचं उत्तर हे आहे.

क्रेनचं कॉलऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि कॉलरावाल्यांनी लगेच क्रेन वाचला असंही नाही. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी तर १९५३ मधेच मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून रोगी बरे केल्याचं 'लॅन्सेट'मधे छापलं होतं. तुलनेसाठी दुसरा गट नाही, मोजमाप अपुरं, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. अमेरिकन नौदलाचा कॅप्टन रॉबर्ट फिलिप्स ग्लुकोजवाल्या पाण्याच्या अगदी जवळ पोचला होता, पण १९६२ साली मनिलात त्याच्या प्रयोगात पाच रुग्ण दगावले आणि तो हादरून मागे सरला.

शेवटी १९६८ मधे ढाक्याच्या कॉलरा लॅबमधे डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी ते नीट करून दाखवलं. (त्या लॅबचा संचालक तोवर फिलिप्सच झाला होता, आणि या प्रयोगाबद्दल तो मुळीच उत्साही नव्हता.) त्यांची युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. कॉलऱ्याच्या खाटेला मधोमध भोक असतं, खाली बादली. बादलीत किती गेलं ते मोजायचं आणि तेवढं परत प्यायला द्यायचं. आधी अंदाजपंचे दिलं जात होतं, आता इनपुट आणि आउटपुट जुळवलं. २९ रुग्णांवर केलेल्या या प्रयोगात सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

आता पहिलं 'झालं' झालं. लॅबमधे चाललं.

मग आलं १९७१. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमधे येत होते आणि सीमेवरच्या बनगावला कॉलऱ्याचा आगडोंब. दिलीप महालनबीस तिथे होते ते कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रातर्फे. दोन खोल्यांत मिळून १६ खाटा, बाकी लोक जमिनीवर, आणि सलाइन संपत आलेलं. तिथे त्यांनी जे केलं ते नियमात बसणारं नव्हतं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्याच्या केंद्रातल्या लायब्ररीत बसून पुड्या भरायच्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने बंद करायच्या, बनगावला न्यायच्या, पिंपात कालवायचं आणि पाजायला लावायचं रोग्याच्या आईला, भावाला, नवऱ्याला. नर्स आहेत कुठे? सुमारे ३,७०० रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के राहिलं. इतर छावण्यांत ते याच्या कितीतरी पट होतं. पेपर मात्र लगेच कोणी छापेना, तो आला १९७३ मधे. महालनबीस २०२२च्या ऑक्टोबरमधे गेले आणि पद्मविभूषण जाहीर झालं २०२३च्या जानेवारीत. आपल्याकडची ही परंपरा जुनीच आहे, त्यावर वेगळं काय लिहू.

१९७८ मधे जागतिक आरोग्य संघटनेने ओआरएसचा जगभर कार्यक्रम सुरू केला. त्या सुमारास जुलाबाने वर्षाला अंदाजे ४६ लाख लहान मुलं मरत होती. उपाय ठाऊक, किंमत जवळजवळ शून्य. म्हणजे आता फक्त 'लोकांना सांगायचं' उरलं होतं ना?

या 'फक्त'साठी मी हा लेख लिहायला घेतला.

बांगलादेशात १९७२ साली ब्राक नावाची संस्था सुरू झाली. स्थापन करणारा माणूस फझले हसन आबेद, पेशाने अकाउंटंट, आधी शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. १९७९ मधे त्यांनी सुल्ला या भागात एक छोटा प्रयोग केला आणि १९८० पासून ठरवलं की देशातल्या घराघरांत जाऊन आईला हे पाणी करायला शिकवायचं. पाकीट वाटायचं नाही, कारण पाकीट खेड्यात वेळेवर पोचणार कसं आणि पोचलं तरी विकत घेणार कोण? घरात असतं तेच वापरायचं. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ. बंगालीत लोबोन-गुर. (लोबोन म्हणजे आपलं लवण. गुळाचा एक जास्तीचा फायदा म्हणजे त्यात पोटॅशियमही असतं.)

तज्ज्ञ मंडळी लगेच म्हणाली, अहो, निरक्षर बायका, चिमूट कमी-जास्त होणार. मीठ जास्त पडलं तर तान्ह्या बाळाला ते खरंच घातक आहे. शंका चुकीची नव्हती. पण ब्राकने वाद घालत बसण्याऐवजी चिमटी मोजल्या. बायकांनी केलेल्या पाण्याचे नमुने लॅबमधे नेऊन त्यातल्या मिठाचं प्रमाण तपासलं. शिकवल्यावर बहुतेकींची चिमूट सुरक्षित मर्यादेत येते हे आकड्यांत दिसलं, मग पुढचं पाऊल.

शिकवणाऱ्याही गावाकडच्या मुली. टोळ्या करून गावोगाव पायी फिरायच्या. एका वेळी एकच घर, समोरासमोर. भाषण नाही, पत्रक नाही. धडा घासून घासून शेवटी सात सोप्या मुद्द्यांवर आणला. त्यानंतर आईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भांड्यात पाणी करून दाखवायचं.

आणि आता तो भाग ज्याने मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. या मुलींचा पगार किती घरं केली यावर ठरत नसे. सुमारे महिन्याभराने दुसराच एक माणूस यायचा, शिकवलेल्या घरांच्या यादीतून काही घरं रँडम निवडायचा आणि त्या बाईंना विचारायचा: मुद्दे सांगा, पाणी करून दाखवा. उत्तरांवरून प्रतवारी, आणि प्रतवारीवरून शिकवणारीचे पैसे. बाईंना काहीच आठवलं नाही तर त्या घराचे पैसे शून्य. शिकवणारीने काय शिकवलं याला किंमत नाही, शिकणारीच्या डोक्यात महिन्याने काय उरलं याला आहे. अकाउंटंटच्या डोक्यातूनच हे निघू शकतं!

मी नोकरीत आजवर निदान तीस तरी ऑनलाइन ट्रेनिंगं 'पूर्ण' केली असतील. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, शेवटी दहा प्रश्न, चुकलं तर परत तेच प्रश्न, सर्टिफिकेट. महिन्याने कोणी येऊन विचारलं आणि त्यावर ट्रेनिंगवाल्या व्हेंडरचे पैसे ठरले तर काय होईल याचा विचार करून मला फार आनंद झाला. असो.

तर इतकं सगळं झाल्यावर ब्राकने मोजलं: बायकांना आठवतंय का? मस्त आठवतंय. आणि घरात मूल आजारी पडल्यावर करतात का? फारच थोड्या.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वळण हे आहे. टेस्ट पास, आणि प्रॉडक्शनमधे शुकशुकाट. सोपा मार्ग होता बायकांना दोष देऊन मोकळं व्हायचा. त्याऐवजी त्यांनी कारणं शोधली, आणि जी सापडली ती एकाही बायोकेमिस्टला खोलीत बसून सुचली नसती.

एक कारण भाषेतलं. शिकवताना 'डायरिया' शब्द वापरला होता. पण गावात जुलाबाचे चार वेगवेगळे आजार मानले जात आणि चौघांना चार नावं: दूध हागा, अजीर्ण, आमाशा आणि डायरिया. (पहिल्याचं भाषांतर मी करत नाही, मराठी माणसाला गरज नाही. दुसरा-तिसरा शब्दही आपलेच, अजीर्ण आणि आमांश.) यातला 'डायरिया' म्हणजे गावच्या भाषेत फक्त तो भयंकर, कॉलऱ्यासारखा पाण्याचा जुलाब. एकूण आजारपणांत त्याचा वाटा अगदी थोडा. बायका शिकवलेलं तंतोतंत पाळत होत्या! डायरियासाठी लोबोन-गुर सांगितलंत, पोराला तर दूध हागा झालाय, मग कशाला द्यायचं? एकाच व्हेरिएबलचा अर्थ दोन मॉड्यूलमधे वेगळा असला की काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

दुसरं कारण जास्त बोचरं. शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचा स्वतःचाच विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळी घेत. दारात उभी राहून पाठ केलेले मुद्दे सांगणारी मुलगी मनातून काय मानते हे समोरच्या बाईला कळतंच. मग या मुलींना ढाक्याच्या कॉलरा हॉस्पिटलात नेलं. डोळे खोल गेलेलं, मान टाकलेलं मूल पाणी पाजल्यावर काही तासांत उठून बसतं हे त्यांनी तिथे स्वतः पाहिलं. शिकवताना पाणी आधी स्वतः पिऊन दाखवायलाही सुरुवात केली.

तिसरं कारण म्हणजे पुरुष. औषध म्हणजे बाटली नाहीतर सुई, घरातलं गुळाचं पाणी हे कसलं औषध, असं नवरे म्हणत. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग पुरुष कार्यकर्ते बाजारात, मशिदीत, शाळांत जाऊन बोलू लागले. पुढे रेडिओ आणि टीव्हीही आला.

१९९० पर्यंत ब्राकने सुमारे १ कोटी २० लाख घरांत हा धडा दिला होता. एकेक करून, समोरासमोर. मुश्ताक चौधरी आणि तेच आपले रिचर्ड कॅश यांनी पुढे यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कॅश २०२४च्या ऑक्टोबरमधे गेले. ज्याने २९ रुग्णांच्या बादल्या मोजल्या, त्याने आयुष्याची पुढची कितीतरी वर्षं लोकांना शिकवायचं कसं यावर घालवली, हे मला फार आवडलं. आज बांगलादेशात ओआरएस घराघरांत आहे, पाकिटंही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. जगभरात जुलाबाने मरणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांची संख्या आता वर्षाला पाच लाखांच्या आत आहे. सगळं श्रेय ओआरएसचं नाही. स्वच्छ पाणी, संडास, लसी हे सगळं त्यात आहे. पण मोठा वाटा त्याचाच.

आणि आपण? ज्या देशात डे, चॅटर्जी आणि महालनबीस झाले तिथे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं. म्हणजे दहातल्या चौघांना नाही. का नाही? माझा अंदाज होता की दुर्गम गाव, पाकीट पोचत नाही, डॉक्टरला माहीत नाही वगैरे.

तर बिहारमधला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. खासगी वैद्यकीय व्यावसायिकांना (यात पदवी नसलेलेही आले) आधी तोंडी विचारलं, अशा मुलाला काय द्याल? सुमारे ७२ टक्के म्हणाले ओआरएस. मग त्यांच्याकडे बनावट पालक पाठवले, नेमकी तीच लक्षणं सांगणारे. प्रत्यक्षात ओआरएस दिलं सुमारे १७ टक्क्यांनी. ब्राकच्या बायकांची गोष्ट पुन्हा, या वेळी औषध लिहून देणाऱ्यांची. माहीत आहे, करत नाहीत.

कारण शोधायला झॅकरी वॅग्नर, मनोज मोहनन आणि सहकाऱ्यांनी कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावा-शहरांत २,००० हून जास्त व्यावसायिकांवर मोठा प्रयोग केला. तो २०२४च्या फेब्रुवारीत 'सायन्स'मधे आला. पुन्हा बनावट पालक, दोन वर्षांच्या मुलाचे बाबा. प्रयोगाची रचना आपल्या ए-बी टेस्टसारखीच. काही 'बाबां'नी सांगितलं की मागे ओआरएसने गुण आला होता, काहींनी अँटिबायोटिकचं नाव घेतलं, काही काहीच बोलले नाहीत. काहींनी सांगितलं की औषध दुसरीकडून घेणार आहे, म्हणजे डॉक्टरला विक्रीतला फायदा शून्य. आणि काही दवाखान्यांना आधीच ओआरएसचा साठा पुरवून ठेवला होता, म्हणजे 'संपलंय' हे कारण बाद.

निकाल असा: ओआरएस कमी लिहिलं जाण्यामागे साठा नसण्याचा वाटा ६ टक्के, पैशाच्या लोभाचा ५ टक्के, आणि 'माझ्या पेशंटला ओआरएस नकोच असतं' या डॉक्टरच्या समजुतीचा वाटा तब्बल ४२ टक्के. नुसतं 'ओआरएस चालेल' असं बाबांनी सुचवलं तर ते लिहून मिळण्याचं प्रमाण २७ टक्के-बिंदूंनी वाढलं.

मला हे वाचून हसावं की रडावं कळेना. पालकाला वाटतं, डॉक्टरने पाणी दिलं तर फी कशाची? डॉक्टरला वाटतं, पाणी दिलं तर पालक दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल. मधल्या मधे पोराला अँटिबायोटिक. लहान मुलांचे जुलाब बहुतेक वेळा व्हायरसमुळे होतात, त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. डॉक्टरला एक माहिती कमी होती, पण ती रोगाबद्दलची नव्हती, पेशंटबद्दलची होती. आणि हे काही खेड्यातल्या निरक्षर आईपुरतं नाही. पुण्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चांगले शिकलेले बाबा लोक मुलाच्या दोन जुलाबांनंतर अँटिबायोटिकची नावं विचारत असतात.

शहरात याला एक वेगळंच शेपूट फुटलंय. टेट्रापॅकमधली गोड पेयं, नावात किंवा लेबलवर ठळक 'ओआरएस'. क्रेनचं दार आठवा. मीठ आणि साखर प्रमाणात लागतात. साखर भरमसाट झाली तर ती आतड्यात पडून राहते आणि उलट शरीरातलंच पाणी ओढून घेते, म्हणजे जुलाब वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर २००२ मधे मूळच्या पाकिटातलीही साखर आणि मीठ कमी केलं, कारण पातळ द्रावण जास्त चांगलं चालतं असं प्रयोगांत दिसलं. आताच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज आहे साडेतेरा ग्रॅम. या गोड पेयांविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०२५च्या ऑक्टोबरमधे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरलेल्या सूत्राशिवाय 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. पुन्हा शब्दाचाच घोळ बघा. तिकडे 'डायरिया' शब्दाचा अर्थ फार लहान होता, इकडे 'ओआरएस'चा फार मोठा करून ठेवला.

जाता जाता कामाचं. केमिस्टकडे दोन मापांची पाकिटं असतात, मोठं एक लिटरचं आणि छोटं २०० मिलीचं. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर मीठ पाचपट होतं, आणि तेच तर तज्ज्ञांना १९८० मधे गुळाच्या पाण्याबद्दल भीती होती. किती पाण्यात घालायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. चष्मा लावून वाचा. आणि रात्री दोन वाजता पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत, आणखी सावकाश. मूल मलूल पडलं, शू होईना किंवा पाणी पोटात टिकेचना, तर मात्र पाणी पाजत पाजतच सरळ हॉस्पिटल गाठायचं.